सायकलचं डोहाळजेवण

आमच्या नीरजाला डोहाळे लागले ते सायकलचे.

लोकांच्या लेकींना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, फार तर भर दुपारी पाणीपुरी लागते. मंदाकिनीला, म्हणजे आमच्या हिला, नीरजाच्या वेळी खारे दाणे लागत आणि ते मी बिनतक्रार आणून देत असे. (तक्रार केली होती असं हिचं म्हणणं आहे. असो.) पण कोलशेतच्या एका टॉवरात अठराव्या मजल्यावर डाव्या कुशीवर पडून राहिलेली आमची लेक व्हिडिओ कॉलवर कपाटाच्या दाराकडे बघत म्हणाली, "बाबा, मला खायला काही नको. खाडीवर सायकल चालवावीशी वाटतेय," तेव्हा मी गडबडलो. सातवा महिना लागलेला, डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती की पडून राहायचं. उठायचं ते बाथरूमपुरतं, तेही सलिलरावांचा हात धरून. सलिलराव म्हणजे आमचे जावई. घरूनच ऑफिस करतात आणि स्वभावाने इतके गरीब आहेत की मला त्यांच्यावर रागावायला कधी संधीच मिळत नाही.

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसली. त्याला कारण होतं. याआधी एकदा नीरजाचं पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्या वेळी आम्ही दोघं उत्साहाने नुसते सुटलो होतो. हिने दुपटी शिवली होती, मी पाळण्याची चौकशी केली होती, टोपडी तर इतकी जमली होती की जुळं झालं असतं तरी पुरली असती. ते सगळं गुंडाळून माळ्यावर टाकताना मी स्टुलावर उभा होतो आणि ही खालून एकेक वस्तू वर देत होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. म्हणून या खेपेला नीरजाने सगळ्यांना दम दिला होता. बाळासाठी काहीही आणायचं नाही. दुपटं नाही, खुळखुळा नाही, नाव सुचवायचं नाही, डोहाळजेवणाचा तर विषयच काढायचा नाही. ती स्वतः 'बाळ' हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नसे. 'रिपोर्ट नीट आहे' एवढंच सांगायची आणि गप्प व्हायची. किती दिवसांत तिने काही मागितलंच नव्हतं.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. पुरवायला नको?"

"अगं, पण ती सायकल चालवणार कशी?"

"तिने कशाला चालवायची? तुम्ही चालवा. फोन पुढे लावा. ती बघेल."

माझ्या सगळ्या आयुष्यात इतक्या कमी शब्दांत माझी वाट कुणी लावली नव्हती.

सायकल होती, नाही असं नाही. नीरजाची कॉलेजातली, निळी, गिअरची. तिचं लग्न झाल्यापासून कोपरीच्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली उभी होती. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजलेली, सीटवर एक मांजर कायमचं राहायला आलेलं. आमचे सेक्रेटरी साईनाथ यांनी तिच्या हँडलला 'भंगार, मालकाने त्वरित हलवावे' असा कागद चिकटवला होता. मी कागद काढत असतानाच ते खाली उतरले.

"सर, हलवताय ना? बरं झालं. भंगारवाला येतोच आहे."

"हलवणारच आहे," मी म्हणालो, "तिच्यावर बसून."

साईनाथ हसले. अगदी मोकळेपणाने हसले. मी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, खंडंच्या खंडं फळ्यावर काढली, पण एवढा अपमान माझा सहावी 'ड'नेही केला नव्हता. मी सायकल शेवटची चालवली तेव्हा घोडबंदर रोडला झाडं होती हे खरं, पण म्हणून काय झालं?

आता सोसायटीत एखादी गोष्ट करायची तर ती गुपचूप करता येत नाही, आणि लोकांना कळली की ती आपली राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा नयन त्याच संध्याकाळी हजर झाला. हा नयन एकदा सायकलवरून शिर्डीला जाऊन आला, तेव्हापासून दूध आणायलासुद्धा ती घट्ट, चकचकीत जर्सी घालून जातो. 

"काका, आधी सीट," तो म्हणाला. "बाकी सगळं नंतर. सीट चुकली की माणूस संपला."

सीट निवडण्यासाठी म्हणे बसायची हाडं मोजावी लागतात. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने खरोखर एक पुठ्ठा आणला, सोसायटीच्या पायरीवर ठेवला आणि मला त्यावर दाबून बसायला सांगितलं. पुठ्ठ्यावर जे दोन खळगे उमटतील त्यांतलं अंतर म्हणजे माझी सीट. मी गुडघे वर घेऊन, डोळे मिटून, जोर लावून बसलेला असताना समोरच्या विमलाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"अगंबाई! सर, असे का बसलात? बरं वाटत नाही का? मंदाताईंना हाक मारू?"

"काकी, मोजमाप चाललंय," नयन म्हणाला.

"कसलं?"

 शेवटी विमलाबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या पिशवी खाली ठेवून मटकन पायरीवरच बसल्या. नीरजा लहानपणी त्यांच्याच घरी खेळायची. "सर, सीट-बीट राहू दे," त्या म्हणाल्या, "मी जुन्या गोधडीचा तुकडा शिवून देते, तो बांधा. आमचे हे गावाला तसेच चालवायचे." नयनने डोंबिवलीहून मागवलेली जेलची सीट आली, ती बसवली, तिच्यावर मी बसलो आणि दुसऱ्या दिवशी विमलाबाईंची गोधडी तिच्यावर बांधली. इथे एका गोष्टीची नोंद करतो. त्यानंतर मला बसायला त्रास झाला नाही.

टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, नवी चेन, सगळं झालं. मांजराने मात्र मला अजून माफ केलेलं नाही. मग हँडलला फोन अडकवायचा चिमटा आला आणि मी पहिली फेरी काढली, कोपरीतल्या कोपरीत.

"दिसतंय का?" मी ओरडून विचारलं.

"दिसतंय," फोनमधून नीरजा म्हणाली. "बाबा, तुमचं नाक दिसतंय. आणि वर थोडं आभाळ."

मी चुकीचा कॅमेरा लावला होता. पण ती हसली हो! खुदकन हसली. मी तिथेच एका रिक्षाला जाऊन टेकलो आणि रिक्षावाल्याच्या शिव्या आनंदाने ऐकून घेतल्या. त्या हसण्यासाठी मी सायकलवरून थेट दिल्लीला गेलो असतो.

दुसऱ्या फेरीला कॅमेरा बरोबर होता, पण चिमटा ढिला. प्रत्येक खड्ड्याला फोन मान खाली घालायचा. आता आमच्याकडचे रस्ते म्हणजे तुम्हाला सांगायला नको. कोपरी पुलापर्यंत पोचेस्तोवर तो पार लाजून गेला होता.

"बाबा, मला गटारांची झाकणं पाठ झाली," नीरजा म्हणाली, "आता खाडी दाखवा."

खाडी दाखवायची तर कोपरीहून पूल ओलांडून, माजिवड्यावरून कोलशेतच्या टोकापर्यंत जायला हवं. मी एकदा फोन न लावता जाऊन बघितलं. जमलं! वाटेत तीनदा उतरलो, दोन ठिकाणी उसाचा रस प्यालो, पण जमलं. कोलशेतला नीरजाच्या टॉवरच्या मागून रस्ता खाली उतरतो, तिवरांची झाडी लागते आणि मग एकदम पाणी. नीरजाचं घर खाडीपासून इतकं जवळ, पण तिच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या टॉवरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले टॉवेल दिसतात. बिल्डरने 'खाडीचं दर्शन' म्हणून सांगितलं होतं ते मोरीच्या झरोक्यातून होतं.

अडचण एकच होती, माझा फोन. तो जुना आहे. म्हातारा म्हटलं तरी चालेल. व्हिडिओ कॉल सुरू केला की खाडी यायच्या आतच मान टाकणार.

"नवा घ्या," ही म्हणाली.

"चालू असलेला फोन टाकून नवा? का? पैसे झाडाला लागलेत?" असं म्हणून मी त्या एका फोनला जिवंत ठेवण्यासाठी काय काय आणलं, ते ऐका.

नयनने सांगितलं, डायनॅमो लावा. चाक फिरेल, वीज तयार होईल, फोन भरेल. डायनॅमो आला, त्याला एक डबी आली, डबीतून वायर फोनला गेली. तत्त्व उत्तम. फक्त वीज तयार व्हायला जो वेग लागतो तो माझ्यात नव्हता. उतारावर फोन 'टिंग' करून सांगायचा की चार्जिंग सुरू. चढावर 'टुंग' करून सांगायचा की बंद. सबंध कोपरीला माझ्या दमाचा हिशोब ऐकू जाऊ लागला. साईनाथ म्हणाले, "सर, सूर्यावर चालणारी टोपी घ्या," आणि त्यांनीच ती मागवूनही दिली. डोक्यावर काळं पाट्यासारखं काहीतरी आणि कानामागून वायर. ती घालून मी मंडईत शिरलो तर भाजीवाल्याने "काय सर, टॉवर बसवला का?" असं विचारलं. टोपीने फोन भरायचा असेल तर तो वैशाखात भरला असता. हा पौष होता.

शेवटी पॉवर बँक. नयनच्या मावसभावाचं डोंबिवलीला दुकान आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "अंकल, कितीचा पाहिजे? दहा हजार, वीस हजार?"

"इतका महाग?" मी दचकून म्हणालो.

"किंमत नाय हो अंकल, पॉवर."

"मग जास्तीत जास्त द्या. अर्धवट काम मला आवडत नाही."

त्याने जे दिलं ते वरवंट्याएवढं जड होतं. त्याला बसेल अशी वायर, वायर माझ्या जुन्या फोनला बसेल असं मधलं एक बोंडुक, आणि हे सगळं मावेल अशी हँडलला पुढे लावायची पिशवी. घरी येऊन दिवाणखान्यात चाचणी घेतली. सबंध दुपार व्हिडिओ चालू राहिला आणि फोन काठोकाठ भरलेला. ही आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. ठरलं, येत्या रविवारी दुपारी निघायचं, सूर्य खाली जाताना खाडीवर पोचायचं आणि नीरजाला घरापासून पाण्यापर्यंत एकही खंड न पडता सगळं दाखवायचं.

इथे खरं तर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शनिवारी मी घरी आलो तेव्हा आमच्याकडे विमलाबाई आणि सोसायटीतल्या आणखी काही बायका बसल्या होत्या, आणि मधोमध परातभर झेंडू, शेवंती, मोगऱ्याच्या कळ्या.

"हे काय?"

"डोहाळजेवण," ही माझ्याकडे न बघता म्हणाली. "उद्या."

"मंदा! अगं नीरजाने बजावलंय..."

"तिचं नाही करत."

"मग कुणाचं?"

"सायकलचं."

मी खुर्चीत बसलो. ही दोरा ओवता ओवता बोलत होती. "लोक झोपाळ्यावरचं करतात, नावेतलं करतात, चांदण्यातलं करतात. तिला डोहाळे सायकलचे. तर सायकलचं करू. तिला कळणारसुद्धा नाही. सायकल काही नको म्हणणार नाही." मग तिचा हात थांबला. "मला कुणाची तरी ओटी भरू द्या हो. आई आहे मी तिची."

 मी उठलो आणि झेंडूची देठं तोडायला बसलो.

रविवारी दुपारी सोसायटीच्या आवारात जे झालं ते साईनाथांनी आपल्या फोनमध्ये टिपून ठेवलं आहे आणि तो व्हिडिओ ते कुणालाही दाखवतात, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. सायकलच्या हँडलला मोगऱ्याचा मुकुट. ब्रेकच्या दोन्ही वायरींना बाजूबंद. मधल्या दांडीला शेवंतीचा कंबरपट्टा, आणि मागे कॅरिअरवरून खाली सोडलेली झेंडूची जाड, लांब वेणी. बायकांनी ओवाळलं. हळदकुंकू लावलं. पुढच्या पिशवीत ओटी भरली, नारळ, तांदूळ, खारीक, बदाम, हळकुंड, सुपारी. मग पेढ्याची वाटी की बर्फीची वाटी हा प्रश्न आला. वाटी सायकल उचलणार कशी? विमलाबाईंनी तोडगा काढला की दोन्हीकडे एकेक झाकलेली वाटी ठेवायची आणि हँडल आपसूक ज्या बाजूला वळेल ती तिची. आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो. हँडल हललं, स्टँड घसरला आणि सायकल दोन्ही वाट्यांवर पडली.

"जुळं!" साईनाथ ओरडले.

"शुभ बोला हो," विमलाबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. सगळ्यांत जास्त आमची ही हसत होती, आणि हसता हसता डोळे टिपत होती.

सायकल उचलली, सांडलेली ओटी पुन्हा भरली. पॉवर बँक त्याच पिशवीत नारळाखाली होती. विमलाबाईंनीच वायर चाचपून आत खोचली आणि म्हणाल्या, "बसली हो सर, घट्ट बसली." मी दूरचा चष्मा लावलेला. जवळचं मला धड दिसत नव्हतं. निघालो.

काय सांगू तुम्हाला! ती दुपार मी विसरणार नाही. कोपरी पुलावर लोक बाजूला होऊन बघत होते. सिग्नलला एका बसमधल्या बायकांनी नमस्कार केला, तो मुकुटाला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. फोन या वेळी ताठ होता. नीरजाला सायकल दिसत नव्हती, पुढचा रस्ता तेवढा दिसत होता.

"बाबा, मोगरा कुठून आला? कडेला काहीतरी पांढरं पांढरं दिसतंय."

"वाऱ्याने उडून आलाय," मी म्हणालो.

"डावीकडे घ्या ना जरा. तो पेरूवाला अजून बसतो? बाबा, हळू, पुढे ट्रक आहे. बाबा, इथे चढ आहे, गिअर बदला." ती सांगत होती आणि मी चालवत होतो. खरं सांगायचं तर चालवत तीच होती, माझे फक्त पाय होते. कोलशेत रोडला लागलो तेव्हा ती बोलायची थांबली. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. तिवरं आली. वळण आलं. पाण्याचा वास आला, आणि समोर पाणी चमकायला लागलं, आणि मी ओरडलो, "नीरू, बघ! आली बघ खाडी!"

त्याच क्षणी मागची वेणी चेनमध्ये गेली.

सायकल जागच्या जागी थबकली, मी "आई गं!" म्हणून किंचाळलो आणि हँडलवरून अर्धा पुढे गेलो. फोनचा पडदा काळा झाला. पडलो नाही, एक गुडघा खरचटला, बस. फोन दाबून पाहिला, मेलेला. पिशवीतला नारळ बाहेर काढला, वायर ओढली. पॉवर बँकच्या ज्या भोकात वायर जायची त्यात तांदळाचे दाणे ठासून बसले होते, वरून ओलं कुंकू. वायर इतका वेळ नुसती टेकून होती. म्हणजे कोपरीपासून फोन स्वतःच्या जिवावर आला होता आणि खाडी दिसताक्षणी संपला होता.

मी आधी हसलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की नीरजाने शेवटचं काय ऐकलं असेल.

माझी किंचाळी. आणि अंधार.

 ती उठेल. बाबांना काय झालं म्हणून ती नक्की उठेल, बाल्कनीत धावेल, कुठेतरी आपटेल. मी वेणी उपसायला लागलो, ती आणखी गुंतली. मागचं चाक फिरेना. मी सायकल मागून उचलून, पुढच्या चाकावर ढकलत धावत सुटलो. या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावलो. चढावर दम लागला तर रडत धावलो, पण थांबलो नाही.

टॉवरच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. नाव त्याच्या छातीवर होतं, दौलत.

"डेकोरेशनवाले मागच्या गेटने."

"मी डेकोरेशनवाला नाही! मी सर आहे!" 

"कुठले सर?"

"अठराशे तीन. नीरजाचा बाप आहे मी. सोडा मला."

"ॲपवर एंट्री करावी लागेल." त्याने सलिलरावांचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. लागणार कसा? ते माझ्या मेलेल्या फोनला फोन करत असणार. "पण ते साहेब तर आत्ताच पळत बाहेर गेले," दौलत म्हणाला, "खाडीच्या बाजूला. मागच्या गेटने. चपलाही नव्हत्या पायात."

म्हणजे ती घरात एकटी होती.

"थांबा, इंटरकॉमवर विचारतो," असं म्हणून त्याने रिसीव्हर उचलला.

मी सायकल टाकून दिली आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "नका! पाया पडतो, वाजवू नका. तो बाहेरच्या खोलीत वाजतो. वाजला की ती उठेल. तिला उठायचं नाहीये. सातवा महिना आहे, आधीचं एक गेलंय. ती माझ्यासाठी उठेल हो." भर फाटकात, गळ्यात हँडलवरून तुटून अडकलेला मोगरा आणि कपाळावर हिने लावलेलं कुंकू घेऊन मी पोरासारखा रडलो.

दौलतने रिसीव्हर जागेवर ठेवला. आडवी दांडी वर केली. "जा काका. लिफ्ट डावीकडे. सायकल मी बघतो."

लिफ्ट अठराव्या मजल्यावर पोचेपर्यंत मला माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. सलिलराव घाईत दार उघडंच टाकून गेले होते. मी आत शिरलो, हॉल ओलांडला, खोलीच्या दारात उभा राहिलो.

नीरजा पलंगावरच होती. डाव्या कुशीवर. दोन्ही मुठींत चादर घट्ट धरलेली, डोळ्यांतून धारा वाहत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "मी उठले नाही."

"हो गं बाळा, हो."

"तुम्ही ओरडलात आणि सगळं काळं झालं. मला वाटलं धावत जावं. फार वाटलं. पण मी उठले नाही, बाबा. बाळ आहे ना. मी चादर धरून ठेवली."

बाळ आहे ना. ती म्हणाली हे. मी तिच्या उशाशी खाली बसलो आणि तिच्या मुठीवर हात ठेवला. हळूहळू मूठ सैल झाली.

सलिलराव अनवाणी, धापा टाकत परत आले आणि मला बघून दारातच खाली बसले. त्यांच्याच फोनवरून मी हिला कळवलं की सगळे ठीक आहेत. मग नीरजाने मला पहिल्यांदा नीट बघितलं.

"तुमच्या गळ्यात फुलं का आहेत?"

आता लपवून काय उपयोग? सगळं सांगितलं. भीत भीत सांगितलं. मुकुट, बाजूबंद, वेणी, तांदळात गाडलेली पॉवर बँक. वाट्यांवर सायकल पडल्याचं सांगेपर्यंत तिचा चेहरा काही कळू देत नव्हता. मला वाटलं, आता ती रागावणार, एवढं बजावूनही आईने केलंच म्हणणार.

"दोन्ही वाट्या?" तिने विचारलं.

"दोन्ही. साईनाथ म्हणाला जुळं."

ती हसायला लागली. पोटावर हात धरून, डोळ्यांत पाणी असताना हसायला लागली आणि सलिलराव घाबरून "हळू, हळू" करत उठले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि खाडी? मला दिसलीच नाही. कशी होती?"

फोन नव्हता, सायकल खाली मोडून पडली होती. होतो तो मी. मग मीच सांगितली. तिवरांवर ऊन कसं तिरपं पडलं होतं, दोन होड्या कशा चिखलात कलंडून ठेवल्या होत्या, एक बगळा कसा माझ्याकडे बघून जराही हलला नाही. ज्या गोष्टी त्या गडबडीत मी बघितल्या असं मला माहीतही नव्हतं, त्या सांगता सांगता आठवत गेल्या. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणाली, "वळण हळू घ्या, बाबा," आणि मी वळण हळू घेतलं.

 मला वाटलं, तिला झोप लागली.

"बाबा, लहान मुलांची सीट मिळते ना सायकलला?" डोळे न उघडता तिने विचारलं. "ती पुढे बसवायची असते की मागे?"

 माझ्या तोंडून निघालं ते असं, "तसं दोन्हीकडे बसते वाटतं. नयनला विचारतो. साईनाथलाही विचारावं लागेल. डोंबिवलीला एक चक्कर मारतो, विमलाबाई गोधडी..."

"विचारत बसू नका," नीरजा म्हणाली. "आणून ठेवा."